घरच्या संगणकांतील आगंतुक

धुळें शहराची जुनी वस्ती ज्यानें पाहिली आहे, त्याला तेथील सरळ गल्ल्यांचें कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं. इ. स. १८१८ मध्यें खानदेश इंग्रजांच्या ताब्यांत गेला आणि त्यानंतर लवकरच कॅप्टन ब्रिग्ज यानें धुळें हें जिल्ह्याचें ठाणें करून तेथें आंखीव पेठ वसविली. आजहि धुळेकर आपला पत्ता गल्लीच्या आंकड्यानें सांगतो आणि परगांवचा पाहुणा तेवढ्या आंकड्यावर बिनचूक दारीं येऊन उभा राहतो. आतां अशी कल्पना करावी, कीं एखाद्या रात्रीं कोणी गृहस्थानें या सर्व पाट्यांची अदलाबदल केली. चौथ्या गल्लींत जाऊं पाहणारा पाहुणा भलत्याच बाजारांत जाऊन पोंचला. तेथें दुकानदारानें त्याला आग्रहानें आंत बोलाविलें. आणि पाट्या बदलणाऱ्या गृहस्थाला दर पाहुण्यामागें ठराविक दलाली मिळाली. कोणाच्या घराचें कुलूप फुटलें नाहीं, कीं कोणाची तिजोरी लुटली गेली नाहीं. तरीहि त्या दिवसापासून धुळें धुळेकरांचें राहिलें नाहीं, असेंच म्हणावें लागेल.

घरच्या संगणकांतील ब्राउझरवर कबजा बसविणारें जें सॉफ्टवेअर असतें, त्याचा व्यवसाय तंतोतंत हाच होय. ब्राउझर म्हणजे इंटरनेटच्या जगांत जाण्याचा दरवाजा. तो उघडतांच प्रथम कोणतें पान दिसावें, आणि कांहीं शोधावयाचें झाल्यास तो प्रश्न कोणत्या सर्च इंजिनाकडे जावा, या दोन गोष्टी घरधन्यानें ठरवावयाच्या असतात. आगंतुक सॉफ्टवेअर नेमक्या याच दोन पाट्या बदलतें. रावेरचा शेतकरी केळीचा भाव पाहण्यास बसतो, तों त्याच्यापुढें कर्जाच्या आणि औषधांच्या जाहिराती उभ्या राहतात. अमळनेरची विद्यार्थिनी परीक्षेचा निकाल शोधते, तों पहिलीं चार उत्तरें पैसे देणाऱ्यांचीं निघतात. पाटी पूर्ववत् करावी, तर संगणक पुन्हां चालू केल्यावर ती फिरून बदललेली असते. हा उपद्रव कसा जन्मला, कोणी वाढविला आणि कोणी आवरला, याचा इतिहास आतां पंचवीस वर्षांचा झाला आहे. आणि तो जाणल्याशिवाय त्यावरील उपायहि नीट समजत नाहीं.

इंटरनेटवरील पानें पाहण्याचा पहिला ब्राउझर टिम बर्नर्स-ली यांनीं १९९० सालीं स्वित्झर्लंडमधील सर्न या संशोधनसंस्थेंत तयार केला. १९९३ मध्यें मोझेइक, १९९४ मध्यें नेटस्केप आणि १९९५ मध्यें मायक्रोसॉफ्ट कंपनीचा इंटरनेट एक्स्प्लोरर, अशी त्याची पुढील वंशावळ आहे. भारतांत विदेश संचार निगमानें १५ ऑगस्ट १९९५ रोजीं सामान्य ग्राहकांस इंटरनेट खुलें केलें. पुढें १९९७ सालीं मायक्रोसॉफ्टनें आपल्या ब्राउझरच्या चौथ्या आवृत्तींत एक नवी सोय केली. दुसऱ्यांनीं लिहिलेला छोटा प्रोग्रॅम या सोयीमुळें ब्राउझरच्या पोटांत राहूं लागला. ब्राउझर उघडतांच तो आपोआप जागा होई आणि घरधनी काय पाहतो, काय लिहितो, तें त्याला कळे. हेतु वाईट नव्हता. ब्राउझरला नवनवे गुण जोडतां यावेत, एवढीच त्यामागील कल्पना होती. परंतु ज्या दारानें सुतार येतो, त्याच दारानें भामटाहि येऊं शकतो, याचा विचार बांधणाऱ्यांनीं पुरेसा केला नाहीं.

खानदेशांत संगणक प्रथम कचेऱ्यांत, बँकांत आणि महाविद्यालयांत आला. १५ ऑगस्ट १९९० रोजीं जळगांवास उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाची स्थापना झाली. २०१८ पासून त्यास कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचें नांव आहे. २००१ मध्यें महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशन ही संस्था निघाली आणि तिच्या एमएस-सीआयटी या अभ्यासक्रमाचे वर्ग तालुक्याच्या गांवींहि भरूं लागले. नोकरीच्या आशेनें असंख्य तरुण तो अभ्यासक्रम शिकले आणि त्यांच्या पाठोपाठ संगणक घरांत आला. माउस कसा धरावा, पत्र कसें लिहावें, हिशेब कसा मांडावा, हें वर्गांत कळलें. परंतु पडद्यावर येणारी इंग्रजी सूचना थांबून वाचावी, ही संवय मात्र लागली नाहीं. नवा प्रोग्रॅम बसवितांना जी चौकट पुढें येई, तिच्या कोपऱ्यांतील ‘नेक्स्ट’ या अक्षरांवर एकामागून एक टिचक्या मारीत जाणें, यालाच प्रोग्रॅम ‘इन्स्टॉल’ करणें म्हणतात, अशी समजूत रूढ झाली. या समजुतीवर पुढें परदेशांतील कित्येक कंपन्यांनीं आपले इमले बांधले.

आगंतुकाचा पहिला अवतार ‘फुकट’ या शब्दाच्या आडून आला. अमेरिकेंतील गेटर नांवाच्या कंपनीनें लोकांचे पासवर्ड लक्षांत ठेवणारा एक प्रोग्रॅम विनामूल्य वांटला. पण तोच प्रोग्रॅम दुसऱ्यांच्या पानांवर आपल्या जाहिराती चिकटवूं लागला. एखाद्या वृत्तपत्राच्या अंकावर विक्रेत्यानें वाटेंत स्वतःचीं हस्तपत्रकें डकवावींत, त्यांतलाच हा प्रकार होता. २००२ सालीं वॉशिंग्टन पोस्ट, न्यूयॉर्क टाइम्स आदि वृत्तसंस्थांनीं कंपनीला न्यायालयांत खेंचलें आणि पुढच्या वर्षीं तो तंटा आपसांत मिटला. गाणीं आणि चित्रपट उतरवून घेण्याचा कझा नांवाचा जो प्रोग्रॅम त्या काळीं लोकप्रिय होता, त्याच्या सोबतहि गेटर घरांत येत असे. मुलानें गाणें मागितलें आणि घरांत गाण्याबरोबर दलाल शिरला, अशी ती स्थिति होती.

यांत पैसा कोठून येत होता, हें येथें सांगितलें पाहिजे. सर्च इंजिनावर विचारलेल्या प्रश्नाशेजारीं जाहिरात छापावयाची आणि वाचकानें तिच्यावर टिचकी मारली, कीं जाहिरातदाराकडून मोल घ्यावयाचें, ही पद्धति १९९८ च्या सुमारास सुरू झाली व थोड्याच वर्षांत तिनें जगभर मूळ धरलें. एका टिचकीचें मोल अल्प असलें, तरी कोट्यवधि प्रश्नांचा ओघ ज्याच्या दारावरून वाहील, तो श्रीमंत होणार हें उघड होतें. म्हणून लोकांचे प्रश्न आपल्या दाराकडे वळविण्याची स्पर्धा लागली. घरधन्याचें सामान चोरण्यापेक्षां त्याची वाट वळविणें हें अधिक फायद्याचें ठरलें.

२००३ सालीं ‘कूल वेब सर्च’ नांवाचें जें अरिष्ट आलें, त्यानें या व्यवसायावरील सौजन्याचा उरलासुरला पडदाहि फाडला. तें ब्राउझरमधील उणिवांचा फायदा घेऊन न विचारतां शिरे, पहिलें पान बदली, आवडीच्या पानांच्या यादींत भलभलतीं नांवें घुसडी आणि दर कांहीं दिवसांनीं नवें रूप घेई. मोठमोठ्या कंपन्या चांचपडत असतां हॉलंडमधील मेरिन बेलेकोम या विद्यार्थ्यानें त्याचा पाठलाग आरंभिला. केवळ या एका उपद्रवासाठीं त्यानें एक साधन लिहिलें. आणि त्याच सुमारास ‘हायजॅक-धिस’ नांवाचें दुसरें साधन लिहून जगाला विनामूल्य दिलें.

या दुसऱ्या साधनाची रीति मोठी मननीय आहे. अमुक प्रोग्रॅम वाईट आणि अमुक चांगला, असा निवाडा तें देत नसे. ब्राउझर उघडण्याच्या वाटेवर ज्या ज्या ठिकाणीं कोणी परका बसूं शकतो, त्या प्रत्येक ठिकाणाची झडती घेऊन तें एक यादी लिहून काढी. पहिल्या पानाची नोंद एका खुणेखालीं, ब्राउझरच्या पोटांतील प्रोग्रॅम दुसऱ्या खुणेखालीं, टूलबार तिसऱ्या खुणेखालीं, आणि संगणकाबरोबर आपोआप जागे होणारे प्रोग्रॅम चौथ्या खुणेखालीं, अशी ती जंत्री असे. ती जाणत्या माणसानें वाचावी आणि घरधन्यानें ठरवावें, कीं कोणास ठेवावयाचें व कोणास घालवावयाचें. देशोदेशींचे स्वयंसेवक परक्यांच्या याद्या रात्र रात्र जागून वाचीत आणि मोबदला न घेतां सल्ला देत. २००७ मध्यें हें साधन ट्रेंड मायक्रो या कंपनीकडे गेलें. एका विद्यार्थ्यानें आणि कांहीं अनोळखी परोपकारी माणसांनीं जें काम केलें, तें त्या काळच्या कोणत्याहि कायद्याला साधलें नव्हतें.

कायद्याची पहिली ठळक कारवाई २००४ सालीं झाली. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशननें सॅनफर्ड वॉलेस या इसमावर आणि त्याच्या कंपन्यांवर खटला भरला. त्यांचें कृत्य ऐकण्यासारखें आहे. लोकांच्या संगणकांत चोरवाटेनें शिरून ते प्रथम पहिलें पान बदलीत आणि जाहिरातींचा भडिमार करीत. मग एक दिवस संगणकाचें सीडी ठेवण्याचें कप्पें कोणी हात न लावतां आपोआप बाहेर येई आणि पडद्यावर इशारा झळके, कीं ज्या अर्थीं हें कप्पें उघडलें आहे, त्या अर्थीं तुमच्या यंत्रांत हेर शिरला आहे. त्याला हांकलणारें औषध सुमारें तीस डॉलरांना घ्या! म्हणजे दुखणें देणाराच वैद्य होऊन दारीं उभा राहिला. २००६ सालीं न्यायालयानें वॉलेस व त्याची कंपनी यांस चाळीस लाख डॉलरांहून अधिक रक्कम भरण्याचा आदेश दिला. ‘तुमचा संगणक धोक्यांत आहे, या क्रमांकावर फोन करा’ अशी जी पाटी आज घरोघर अचानक दिसते, तिचा पूर्वज हाच होय.

महाराष्ट्राचा या लढ्यांतील वांटा लहान नाहीं. सातारा जिल्ह्यांतील रहिमतपूरचे कैलास काटकर यांचें शिक्षण मॅट्रिकपुढें गेलें नव्हतें. पुण्यास ते कॅल्क्युलेटर दुरुस्त करूं लागले, मग संगणक दुरुस्त करूं लागले. दुरुस्तीस येणाऱ्या यंत्रांत बिघाड पुष्कळदां भागांचा नसून व्हायरसचा असतो, हें त्यांच्या अनुभवास आलें. त्यांचे धाकटे बंधु संजय हे संगणकशास्त्र शिकत होते. त्यांनीं त्यावर औषध लिहिलें आणि १९९५ सालीं ‘क्विक हील’ बाजारांत आलें. पुढें याच कंपनीचे समभाग २०१६ मध्यें शेअरबाजारांत दाखल झाले. २१ फेब्रुवारी २०१७ रोजीं केंद्र सरकारनें सायबर स्वच्छता केंद्र उघडलें, तेव्हां लोकांच्या संगणकांतील उपद्रवी प्रोग्रॅम काढण्यासाठीं जें साधन विनामूल्य देण्यांत आलें, त्यांतहि या पुणेकर कंपनीचें साह्य होतें. ब्राउझरमधील संशयास्पद पानांवर पहारा ठेवणारें एक साधन सी-डॅक या सरकारी संस्थेनेंहि तयार केलें.

एकीकडे दाराला कुलपें लागत असतां, दुसरीकडे आगंतुकानें आपली चाल बदलली. दार फोडण्याऐवजीं तो आमंत्रण मिळवूं लागला. २००८ नंतरचीं सात-आठ वर्षें हीं टूलबारांचीं वर्षें होत. उपयुक्त आणि प्रतिष्ठित प्रोग्रॅम बसवितांना मधल्याच एका चौकटींत बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलेलें असे, कीं अमुक टूलबार बसवावा आणि अमुक पान पहिलें करावें यास आपली संमति आहे; आणि त्यापुढील चौकोनांत होकाराची खूण कंपनीनें आधींच करून ठेवलेली असे. जावा या प्रसिद्ध प्रोग्रॅमबरोबर आस्क टूलबार असाच येत असे. बॅबिलॉन आणि कॉन्ड्युइट हीं नांवेंहि त्या काळीं घरोघर ठाऊक झालीं. कॉन्ड्युइटच्या एका प्रोग्रॅमचें नांव तर ‘सर्च प्रोटेक्ट’, म्हणजे शोधाचा रक्षक, असें होतें. आणि तो रक्षण करी तें घरधन्यापासून! मालकानें जुनें पान परत आणलें, कीं हा रक्षक तें पुन्हां बदलून टाकी. फ्रान्समधील एका प्रोग्रॅमरनें २०११ सालीं ‘ॲडव्-क्लीनर’ हें साधन काढलें, तें प्रामुख्यानें याच जातीच्या उपद्रवासाठीं. २०१६ मध्यें तें मालवेअरबाइट्स या कंपनीनें घेतलें. जून २०१५ मध्यें मायक्रोसॉफ्टनेंहि आस्क टूलबारच्या जुन्या आवृत्त्या अनिष्ट ठरविल्या.

या कंपन्यांचें समर्थन एकच होतें : ‘मालकानें संमति दिली आहे.’ या वाक्याचा प्रतिध्वनि खानदेशच्या माणसास ओळखीचा वाटला पाहिजे. सावकारानें लिहिलेला कागद, शेतकऱ्यास न कळणारी त्याची भाषा, आणि खालीं उमटविलेला अंगठा, हें चित्र महाराष्ट्रानें दीर्घकाळ पाहिलें आहे. १८७५ सालीं पुणें व नगर या जिल्ह्यांत शेतकरी सावकारांविरुद्ध उठले, तेव्हां त्यांचा रोख प्रथम या कागदांवर होता. त्यांनीं ते हिसकून जाळले. त्यानंतर १८७९ सालीं जो दख्खनच्या शेतकऱ्यांचा कायदा झाला, त्यानें पुणें, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांत दोन नवीं तत्त्वें आणलीं. शेतकऱ्याचा दस्तऐवज गांवच्या रजिस्ट्रारपुढें लिहिला जावा. आणि न्यायाधीशानें केवळ अंगठा पाहून न थांबतां व्यवहाराचा पूर्वेतिहास तपासावा. खानदेशांत शहादें-तळोदें भागांत, जो त्या वेळीं धुळें जिल्ह्यांत होता, भिल्ल शेतकऱ्यांच्या जमिनी अशाच कागदांच्या वाटेनें परक्या हातीं गेल्या होत्या. त्या परत मिळाव्यात म्हणून १९७२ च्या सुमारास तेथें मोठी चळवळ उभी राहिली आणि आदिवासींच्या गेलेल्या जमिनी परत देण्यासाठीं राज्यानें १९७४ सालीं कायदा केला. जमीन गमावणें आणि ब्राउझरचें पहिलें पान गमावणें यांत डोंगराएवढें अंतर आहे, हें उघड आहे. पण न समजलेला होकार हा होकार नव्हे, हें तत्त्व दोन्हीकडे एकच आहे.

हें तत्त्व संगणकाच्या कायद्यांत यावयास मात्र बराच काळ लागला. भारताचा माहिती तंत्रज्ञान कायदा १७ ऑक्टोबर २००० पासून अमलांत आहे. मालकाच्या परवानगीवांचून त्याच्या संगणकांत शिरणें, त्यांत उपद्रवी प्रोग्रॅम घालणें किंवा बिघाड करणें, हें त्याच्या ४३ व्या कलमानें नुकसानभरपाईस पात्र आहे आणि अप्रामाणिक हेतु असेल, तर ६६ व्या कलमानें गुन्हा आहे. परंतु ‘परवानगी घेतली होती’ असें म्हणणाऱ्याचें काय? १ ऑक्टोबर २०१९ रोजीं युरोपीय संघाच्या न्यायालयानें निर्णय दिला, कीं कंपनीनें आधींच खूण करून ठेवलेला चौकोन ही वाचकाची संमति ठरत नाहीं. भारतांत ३० नोव्हेंबर २०२३ रोजीं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानें फसव्या मांडणीचे तेरा प्रकार नांवें घेऊन निषिद्ध केले. संगणकांत व्हायरस असल्याची खोटी भीति घालून नकली औषध विकणें हा त्यांपैकीं एक आहे. त्याच वर्षीं झालेल्या व्यक्तिगत माहितीच्या कायद्यानें संमति मुक्त, समजून दिलेली व स्पष्ट कृतीनें व्यक्त झालेली असावी असें सांगितलें आणि तिची सूचना घटनेच्या आठव्या परिशिष्टांतील कोणत्याहि भाषेंत, म्हणजे मराठींतहि, वाचण्याचा पर्याय देणें बंधनकारक ठरविलें. गांवच्या रजिस्ट्रारपासून येथवर येण्यास सुमारें दीडशें वर्षें लागलीं.

तथापि सर्वच आगंतुक संमतीचें सोंग घेत नाहींत. २०११ सालीं एस्टोनियांतील एका टोळीस पकडण्यांत आलें. तिनें शंभराहून अधिक देशांतील सुमारें चाळीस लाख संगणकांची पत्ते शोधण्याची व्यवस्थाच बदलून टाकली होती. धुळ्याच्या पाट्यांची कल्पना येथें अक्षरशः खरी झाली. पाट्या एकदम काढल्या, तर तितक्या लोकांचें इंटरनेटच बंद पडेल, म्हणून न्यायालयाच्या आज्ञेनें त्या जागीं ९ जुलै २०१२ पर्यंत प्रामाणिक व्यवस्था चालवावी लागली. फेब्रुवारी २०१५ मध्यें उघड झालें, कीं लेनोवो कंपनीच्या कांहीं नव्या लॅपटॉपांत सुपरफिश नांवाचा जाहिराती घुसडणारा प्रोग्रॅम कारखान्यांतूनच बसवून येत होता आणि त्यामुळें सुरक्षित पानांची मोहोरहि विश्वासार्ह राहिली नव्हती. जून २०१७ मध्यें ‘फायरबॉल’चा गवगवा झाला. चेक पॉइंट या कंपनीनें त्याची बाधा जगांतील पंचवीस कोटि संगणकांना झाल्याचा आणि त्यांपैकीं सुमारें अडीच कोटि भारतांत असल्याचा अंदाज सांगितला. मायक्रोसॉफ्टनें हा आंकडा अतिशयोक्त ठरविला. आंकडा कांहींहि असो, तें सॉफ्टवेअर फुकट प्रोग्रॅमांच्या गांठोड्यांतून घरांत येत होतें, याविषयीं दुमत नव्हतें.

आतां प्रश्न उरतो तो घरच्या संगणकाचा. जळगांवांत काय किंवा धुळ्यांत काय, सामान्य माणूस अशा वेळीं संगणक उचलून दुकानांत नेतो आणि तेथें पुष्कळदां एकच सल्ला मिळतो : ‘फॉरमॅट मारावा लागेल.’ फॉरमॅट म्हणजे यंत्रांतील सर्व कांहीं पुसून पुन्हां आरंभ करणें. त्यांत मुलांचीं छायाचित्रें जातात, शेताचे हिशेब जातात, दिवंगत वडिलांचा आवाज जातो. हा उपाय उंदरासाठीं घर जाळण्यासारखा आहे. ब्राउझरवरील कबजा बहुतेक वेळां त्यावांचून उठवितां येतो.

त्याची रीति बेलेकोमच्या यादीनेंच शिकविली आहे : वाटेवरील प्रत्येक ठिकाण क्रमानें तपासावें. पहिली गोष्ट अशी, कीं बाधित ब्राउझरमधूनच औषध शोधूं नये. कारण पाटी ज्याच्या हातीं आहे, तो वाचकास आपल्याच दुकानांत पाठविणार. साधन हवें असल्यास निरोगी यंत्रावरून, मूळ कंपनीच्या किंवा सायबर स्वच्छता केंद्राच्या स्थळावरून आणावें. नंतर महत्त्वाच्या फाइलींची एक प्रत बाहेर काढून ठेवावी. मग विंडोजच्या सेटिंग्जमध्यें बसविलेल्या प्रोग्रॅमांची यादी तारखेच्या क्रमानें लावावी आणि उपद्रव सुरू झाला त्या दिवसाच्या आसपास जें अनोळखी नांव आलें असेल, तें अनइन्स्टॉल करावें. बहुधा एकाच दिवशीं तीन-चार नांवें जोडीनें आलेलीं आढळतात.

त्यानंतर ब्राउझरमधील एक्स्टेन्शन पाहावींत व जीं स्वतः मागविलेलीं नाहींत, तीं काढावींत. पहिलें पान आणि सर्च इंजिन पूर्ववत् करावें. ब्राउझरमध्यें सर्व सेटिंग्ज मूळपदावर आणण्याची सोय असते, तिचा उपयोग करावा. एवढें करूनहि नको तें पान उघडत असेल, तर ज्या चित्रावर टिचकी मारून ब्राउझर उघडतो, त्याच्या प्रॉपर्टीजमध्यें ‘टार्गेट’ या ओळीच्या शेवटीं कोणी परका पत्ता जोडला आहे काय, तें पाहावें. ही लपण्याची जुनी आणि आवडती जागा आहे. प्रॉक्सी व डीएनएस यांच्या नोंदी, तसेंच ठराविक वेळीं आपोआप चालणाऱ्या कामांची यादीहि तपासावी. काढलेला प्रोग्रॅम दुसऱ्या दिवशीं परत येतो, तो पुष्कळदां या यादींतूनच. शेवटीं विश्वासू व्हायरसरोधक साधनानें सबंध संगणक तपासून घ्यावा, ब्राउझर व विंडोज अद्ययावत् करावेत, आणि बँक व ईमेल यांचे पासवर्ड निरोगी यंत्रावरून बदलावेत. पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय क्रमांकावर तत्काळ कळवावें.

ज्यांचे घरीं आतां संगणकाची जागा मोबाईलनें घेतली आहे, त्यांनाहि हा इतिहास लागू आहे. एखाद्या पानावर ‘नोटिफिकेशन पाठवूं का’ असा प्रश्न येतो, घाईनें ‘अलाउ’वर बोट पडतें आणि मग दिवसभर जाहिरातींची रीघ लागते. चौकट बदलली, अक्षरें बदललीं. होकार मिळविण्याची युक्ति तीच आहे. ती परवानगी ब्राउझरच्या सेटिंग्जमध्यें जाऊन परत घेतां येते, हें मात्र थोड्यांनाच ठाऊक असतें.

इतिहासाचार्य राजवाडे यांचा अखेरचा काळ धुळ्यास गेला. ३१ डिसेंबर १९२६ रोजीं तेथेंच त्यांचें देहावसान झालें आणि त्यांनीं जमविलेले कागद जपण्यासाठीं राजवाडे संशोधन मंडळ उभें राहिलें. जुना कागद हातीं आला, कीं तो कोणाचा, कोणाच्या दप्तरांतून आला आणि मध्यें कोणाचा हात त्याला लागला, असे प्रश्न इतिहाससंशोधक विचारतो आणि त्यांचीं उत्तरें मिळाल्यावरच त्या कागदाला प्रमाण मानतो. नवा प्रोग्रॅम घरांत घेतांना हेच तीन प्रश्न पुरेसे आहेत. तो कोणी लिहिला आहे? तो मूळ घरून आला आहे, कीं मध्यस्थाच्या गांठोड्यांतून? आणि त्याच्या चौकटींत दुसऱ्या कोणी आपली खूण आधींच करून ठेवली आहे काय? ज्या घरांत इंग्रजी वाचणारें एकच मूल आहे, तेथें त्या मुलाला हाक मारून तें वाक्य मराठींत सांगावयास लावावें आणि तोंवर माउसवरील हात उचलून धरावा. यास फार तर दोन मिनिटें लागतात. आगंतुकास घालविण्यांत सबंध रविवार जातो.